गोड्या पाण्याची जागा

बेट एवढंसं. सकाळी एका टोकाहून निघावं,
दुपारच्या आत दुसऱ्या टोकाला पोचावं.
माती नावापुरती, खाली सगळा पोवळ्याचा दगड.
कुदळ मारली तर ठिणगी उडते, खड्डा पडत नाही.

किनाऱ्यावर उतरलेल्या पोरांना पिंपांतून पाणी मिळालं.
पिंपं आधी पेट्रोलची होती, कोणी नीट धुतली नव्हती.
ऑर्व्हिल डेटमरनं दोन घोट घेतले, ओकला, पुन्हा प्याला.
बाप त्याचा नेब्रास्कात पानाड्या:
दुबेळक्याची काठी धरून लोकांची शेतं ओलांडायचा,
काठी झुकली की म्हणायचा, इथं खणा.
पोरगा हसायचा बापाला.
आता कड्याखाली पालथा पडून
त्यानं जळक्या झाडाची एक काटकी हातात धरलीय,
आणि कोणी बघत नाही ना, हे बघतोय.

कड्याच्या पोटात, त्याच्यापासून चाळीस पावलांवर,
तामेकिची कुरोसाकी.
हा कागद करणाऱ्यांच्या घरातला.
ऐन थंडीत नदीत कोपरापर्यंत हात घालून
झाडाची साल धुवायची. हात फुटायचे,
आई कोमट तेल लावायची. तेव्हा वाटायचं,
जगात पाणी जरा जास्तच झालंय.
इथं छतातून थेंब पडतो.
त्याखाली माशांचा रिकामा डबा.
साठ आकडे मोजले की तीन थेंब.
अकरा माणसं.
डबा राखायचं काम त्याचं, कारण तो खोटं मोजत नाही.

आपल्याकडे ज्याला पाणी पाजणं म्हणतात
तेच करायला आले होते दोघंही.
चार दिवसांचं काम, असं सांगितलं होतं.

रात्री खेकडे निघतात.
एक खेकडा पत्र्यावरून गेला, खडखड,
आणि दोन्हीकडून गोळ्या सुटल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग आतून कोणी खोकलं.
ऑर्व्हिलच्याही घशात तेच कोरडं काहीतरी चढलं;
त्यानं बाही तोंडात कोंबून ते दाबलं.
आत ऐकू गेलं असावं.
तामेकिचीचा आकडा चुकला, एकदाच.

अठराव्या दिवशी पिशवी भरून स्फोटकं आली.
ती घेऊन सरपटत गेला तो ऑर्व्हिल.
गुहेच्या अगदी तोंडाशी गार हवा लागली त्याला,
ओल्या दगडाचा वास.
बापाची काठी कशी झुकत असेल ते तेव्हा कळलं.
वात पेटवून तो मागे आला.

यापुढचं त्यानं कोणाला सांगितलं नाही.
म्हातारपणी स्वयंपाकघरातला नळ गळायचा.
बायको म्हणायची, वॉशर बदल.
बदलतो, म्हणायचा.

आणि इलोंग.
तिला नि तिच्या गावाला लढाईआधीच होड्यांत घालून
पलाऊच्या मोठ्या बेटावर नेऊन सोडलं होतं.
परत आली तेव्हा एक झाड उभं नव्हतं.
आईच्या आईनं चिखल तुडवून केलेली अळूची खाचरं
धावपट्टीखाली गेली होती.
नव्या साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं:
घरात माणसं किती? कोंबड्या किती?
पाण्याचं नाही विचारलं.
मागच्या साहेबानंही नव्हतं विचारलं.
ती ठिबकणारी गुहा तिला लहानपणापासून ठाऊक,
आणि गुहेच्या मागच्या अंगाला, नेच्यांच्या आड,
वाकून जायची एक वाट,
वाटेच्या शेवटी कमरेएवढा डोह.

ती कड्याशी गेली. तोंड बुजलेलं.
मागच्या अंगाला नेचे नव्हते, वाटही नव्हती.
दगडाला कान लावून उभी राहिली.
मग खाली बघितलं:
ढिगाऱ्याच्या फटीतून एक ओला पट्टा, बोटाएवढा रुंद,
काठानं लाल मुंग्यांची रांग.

फडक्यात गुंडाळून आणलेला अळूचा एक कंद होता.
माती तोफगोळ्यांच्या खड्ड्यांतून खरवडून
ओंजळीनं आणली, सात फेऱ्या.
कंद लावला.
हात धुवायला त्या पट्ट्याशी वाकली,
थांबली थोडा वेळ,
आणि हात तसेच मातीचे ठेवून
छावणीकडे निघाली.